कापोसी सार्कोमा, आफ्रिकेतील

मृदू ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) उद्‌भवणारे एक मारक अर्बुद. रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांच्या अस्तराशी त्याचा संबंध असतो. त्वचेवर, विशेषतः पायांवर, जांभळट वा काळपट डाग व गाठी येणे आणि पाय सुजून कठीण होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. तोंड, आतडी व फुप्फुसे यांतही ते पसरते. मोरिट्‌स कापोसी यांनी १८७२ मध्ये व्हिएन्ना येथे पाच रुग्णांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे यूरोपात तो भूमध्य सागरी प्रदेशातील वृद्ध पुरुषांचा, विरळा व मंद गतीचा रोग म्हणून ओळखला जाऊ लागला.

पूर्व व मध्य आफ्रिकेतील अनुभव निराळा होता. कांपाला (युगांडा) येथे १९५१ मध्ये कर्करोगांची नोंदणी सुरू झाली. तेथे हा रोग विरळा नसल्याचे, तो तरुण प्रौढांनाही होत असल्याचे व लहान मुलांत लसीका ग्रंथींत पसरून लवकर प्राणघातक ठरत असल्याचे दिसून आले. या रोगावरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद १९६१ मध्ये कांपाला येथेच भरला. विकृतिवैज्ञानिक मायकेल हट यांनी दूरच्या ग्रामीण रुग्णालयांनी पाठविलेल्या ऊतकांच्या तुकड्यांची विनामूल्य तपासणी करून देण्याची सोय केली. कर्करोगांच्या भौगोलिक वाटपाचे नकाशे तयार होऊ शकले, ते मुख्यतः या साध्या व्यवस्थेमुळे. काँगोचा पूर्व भाग व त्यालगतचा प्रदेश येथे या अर्बुदाचे प्रमाण विशेष आढळले.

अवयवच्छेदन हा त्या काळी नेहमीचा उपाय. किरणोपचाराची सोय तेथे नव्हती. अमेरिकेच्या सहकार्याने १९६७ मध्ये कांपाला येथे स्थापन झालेल्या कर्करोग संस्थेत ॲक्टिनोमायसीन-डी, व्हिन्‌क्रिस्टीन इ. औषधांच्या तुलनात्मक चाचण्या घेण्यात आल्या. औषधांच्या संयोगाने बहुतेकांच्या गाठी ओसरतात, असे त्यांतून दिसले. ईदी अमीन यांच्या राजवटीत परदेशी तज्ञ निघून गेल्यावर चार्ल्‌स ओल्वेनी या युगांडाच्याच वैद्यांनी संस्थेची धुरा सांभाळली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष त्याच प्रतिकूल काळातले आहेत, ही गोष्ट या रोगाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेतील तरुण पुरुषांत हा रोग आढळला आणि एड्‌सचे ते एक पहिले चिन्ह ठरले. आफ्रिकेत जुन्या, मंद प्रकाराशेजारीच नवा, उग्र प्रकार उद्‌भवला. लूसाका (झँबिया) येथील शस्त्रक्रियाविशारद ॲन बेली यांनी या दोहोंतील फरक १९८३-८४ च्या सुमारास स्पष्ट केला. १९९० च्या सुमारास कांपालातील पुरुषांच्या नोंदलेल्या कर्करोगांत सु. निम्मे याच रोगाचे होते. १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी त्यास कारणीभूत असलेला हर्पीस गटातील विषाणू शोधून काढला. आफ्रिकेत तो बहुधा बालपणीच लाळेवाटे संक्रामित होतो. भारतात त्याचा प्रसार अल्प असल्याने येथील एड्‌सच्या रुग्णांतही हे अर्बुद क्वचितच आढळते.

एचआयव्हीविरोधी औषधे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्यावर, म्हणजे २००४ नंतर, रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत त्यांनीच गाठी मावळतात, असा अनुभव आला. प्रगत अवस्थेत मात्र कर्करोगविरोधी औषधेही द्यावी लागतात. आफ्रिकेतील पाच देश व ब्राझील येथे झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०२०) ब्लिओमायसीन व व्हिन्‌क्रिस्टीन या प्रचलित जोडीपेक्षा पॅक्लिटॅक्सेल हे औषध अधिक गुणकारी ठरले. हे औषध शिरेतून, काही तास देखरेखीखाली द्यावे लागते आणि त्यापूर्वी ऊतकपरीक्षेने निदान व्हावे लागते. काळ्या त्वचेवर आरंभीचे डाग चटकन लक्षात येत नाहीत. त्यामुळे पुष्कळ रुग्ण पाय पार सुजल्यावरच रुग्णालय गाठतात. किरणोपचाराचीही तीच अडचण होती : युगांडातील एकमेव यंत्र २०१६ मध्ये निकामी झाले व नवे २०१८ च्या आरंभी कार्यान्वित झाले. मधल्या काळात ज्यांना शक्य होते ते रुग्ण उपचारांसाठी परदेशी गेले.