अकोटची पिंपळी

जिरें श्रोत्यांच्या नित्य परिचयाचें आहे. अन्न जिरविणारें तें जीरक, अशी त्याची व्युत्पत्ति सांगतात. वऱ्हाडांत घरोघरीं त्याची फोडणी पडते; पण तें येतें गुजरात-राजस्थानांतून. अन्न पचविणारी जी औषधि अकोटच्या मातींत पिकते ती निराळी. तिचें नांव पिंपळी. तिकडचे लोक तिला पानपिंपरी म्हणतात.

सातपुड्याच्या पायथ्याशीं अकोट, तेल्हारा, अंजनगांव-सुर्जी या टापूंत बारी समाजाचे पानमळे आहेत. नागवेल, मिरवेल आणि पिंपळी या एकाच कुळांतल्या वेली. त्यांना ओल हवी आणि सावलीही हवी. कपाशीच्या काळ्या रानांत, वैशाखाच्या उन्हांत, ही सावली माणसालाच निर्माण करावी लागते. नागवेलीसाठीं आधाराचीं झाडें लावून, विहिरीचें पाणी देऊन बारी शेतकऱ्यानें जें कसब कमावलें, तेंच पिंपळीच्या कामीं आलें. तिचें बोटाच्या पेराएवढें कणीस हिरवें असतांच तोडून उन्हांत वाळवितात.

या इवल्या फळाचा मान एके काळीं फार मोठा होता. ‘पिप्पली’ हा शब्द ग्रीक भाषेंत ‘पेपेरी’ व लॅटिनमध्यें ‘पिपेर’ झाला, आणि पुढें युरोपांत मिऱ्यालाच तें नांव चिकटलें. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें भाव दिले आहेत : एका पौंडास पिंपळी १५ देनारियस, पांढरें मिरें ७, काळें मिरें अवघें ४. कालांतरानें स्वस्त मिऱ्यानें तिला मागें सारिलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर मिरची आली, आणि तिखटासाठीं पिंपळीची गरजच उरली नाहीं.

स्वयंपाकघर सुटलें, तरी वैद्याचा बटवा तिला सुटला नाहीं. सुंठ, मिरें व पिंपळी मिळून त्रिकटु होतें. खोकला, दमा व अग्निमांद्य यांवर तें देतात. चरकसंहितेंत वर्धमान पिप्पलीचा प्रयोग आहे : रोज दहा पिंपळ्या वाढवीत दहाव्या दिवशीं १०० वर जावयाचें, मग तशाच क्रमानें उतरावयाचें, एकूण १,०००. मात्र पिंपळी, क्षार आणि मीठ यांचें अतिसेवन करूं नये, असेंही त्याच ग्रंथानें बजाविलें आहे. ती इतर औषधांचे गुण वाहून नेते, असें चरकाचें मत. १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, पिंपळींत व मिऱ्यांत असणाऱ्या पिपेरीन या द्रव्यामुळें हळदींतील करक्युमिन शरीरांत कितीतरी अधिक शोषलें जातें.

ग्रंथ टिकला म्हणजे औषधि टिकली असें होत नाहीं. चरकानें गुण सांगितले. पण वेल जगविला तो पाणी घालणाऱ्यानें. हें पीक कष्टाचें आहे, आणि वऱ्हाडच्या उन्हांत तें आपोआप उगवत नाहीं. अकोटच्या पानमळ्यांतील सावली हटली, तर वैद्यकाच्या पोथींतील पिंपळी वऱ्हाडापुरती केवळ नांवापुरती उरेल.