अभ्यासाचा ओनामा



परवा नातू शाळेतून आला तो विचारतच. "आजी, बाई म्हणाल्या, उद्यापासून अभ्यासाचा श्रीगणेशा करा. आपण जैन ना, मग आपण काय करायचं?" मी म्हटलं, "आपण ओनामा करू." हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. आमच्या रत्नागिरीत आता तो फारसा कानावर येत नाही, म्हणून लिहायला बसले.

ओनामा म्हणजे आरंभ. 'ॐ नमः सिद्धम्' याचं पोरांच्या तोंडी घोळून झालेलं हे रूप. पूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर आधी 'श्रीगणेशाय नमः' गिरवी, मग 'ओनामासीधं'. पाठ होई, अर्थ कळत नसे.

सिद्ध म्हणजे आठही कर्मांतून सुटलेले जीव. णमोकारात अरिहंतांनंतर आपण त्यांनाच नमस्कार करतो. म्हणून 'हे वाक्य आपलंच' असं मी कित्येक वर्षं ठासून सांगत असे. त्याला आधारही आहे. शर्ववर्म्याच्या कातंत्र व्याकरणाचं पहिलं सूत्र 'सिद्धो वर्णसमाम्नायः', म्हणजे वर्णमाला सिद्धच आहे. हे व्याकरण जैन मुनींनी जपलं. भावसेन त्रैविद्यांनी त्यावर 'कातंत्ररूपमाला' रचली. पण सातव्या शतकात भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंगही सांगतो, की इथली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्धम्' नावाच्या ४९ अक्षरांच्या पाठापासून शिकू लागतात. जपानमधले बौद्ध तर संस्कृत मंत्रांच्या लिपीलाच सिद्धम् म्हणतात. मग मी हट्ट सोडला. अनेकांत नुसता प्रवचनात ऐकायचा नसतो.

एक गोष्ट मात्र अजून सलते. माझ्या माहेरची, सांगलीकडची आज्जी. णमोकार, भक्तामर सगळं तोंडपाठ, पण कागदावर अंगठा. भावांचा ओनामा झाला, तिचा नाही. जन्मभर रोज सिद्धांना नमस्कार करणाऱ्या बाईच्या हाती पाटी कुणी दिली नाही.

संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले. नातवाने दोन्ही ओळी गिरवल्या, गणपतीची आणि सिद्धांची. त्याखाली त्याच्याच बोटाने मी आज्जीचं नाव लिहवून घेतलं. मग तेच तांदूळ निवडून, धुऊन, सूर्यास्ताच्या आत भात टाकला.