मुठीतली मेख

जुनी जपानी आखूड तलवार हातात आली की आपण आधी पातं उपसून धार बघतो. जाणकार मुठीतली मेख शोधतो. बांबूची असते, काडीपेटीतल्या दोन-तीन काड्यांएवढी जाड. ती ढकलून काढायची, डाव्या हातात तलवार उभी धरायची आणि त्याच मनगटावर उजव्या मुठीने हलके ठोसे द्यायचे. दोन-चार ठोशांत पातं सैल होतं. मग मुठीत दडलेली शेपटी बाहेर येते. तिच्यावर लोहाराची सही, असलीच तर, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा काळा गंज. तो घासायचा नाही. तोच तर वयाचा दाखला.

या मेखेला जपानीत मेकुगी म्हणतात. ‘मे’ म्हणजे डोळा, इथे भोक. ‘कुगी’ म्हणजे खिळा. आपली मेख फारसीतून आली, तेव्हा दोघींचं नातं फक्त कानाला वाटणारं.

आखूड तलवारीचं नाव वाकिझाशी, म्हणजे कुशीला खोचलेली. पातं एक ते दोन शाकू, साधारण 30 ते 60 सेंटिमीटर. कुणाच्या घरी गेलं की सामुराई लांब तलवार कमरेतून काढून ठेवी. ही मात्र कमरेलाच राही. घरात, दिव्याच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघितली जाणारी तलवार हीच. मग तिच्या मुठीवर नजरा खिळणारच.

त्या मुठीवर, रेशमी फितीच्या विणीखालून, धातूचा एक ड्रॅगन डोकावतो. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार. हे मेनुकी. मुळात हे मेखेचं नुसतं डोकं होतं. डोकं दिसतं म्हणून कुणीतरी नटवलं, आणि नटता नटता ते मेखेपासून सुटलं. साधी बांबूची मेख आपल्या जागी राहिली, दागिना पुढे सरकला.

या दागिन्याला घराणं मिळवून दिलं गोतो युजो (1440–1512) याने. तो शोगुन आशिकागा योशिमासा याच्या पदरी होता. त्याच्यापासून सतरा पिढ्या हेच काम चाललं. त्यांचा आवडता धातू शाकुदो: तांब्यात किंचित सोनं. ते औषधी पाण्यात उकळलं की जांभळट काळा रंग चढतो. रंग चढवण्याआधी धातूवर टोकाशी वाटीसारख्या खोलगट छिन्नीने ठोकून ओळीने बारीक दाणे उठवायचे. त्या पोताचं नाव नानाको, म्हणजे चक्क गाबोळी! कोकणातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. आणि हा काळा रंग वरवरचा, कातडीएवढाच. चिंच लावून तांब्या लखलखीत करणाऱ्या आपल्या घरांत ही मूठ एक दिवाळी टिकली नसती.

गोतोंचं काम दरबारी, शिस्तीचं; मला ते जरा इस्त्री केलेलं वाटतं. शांततेच्या एदो काळात पैसेवाले व्यापारीही वाकिझाशी बाळगू लागले. लांब तलवारीची त्यांना मुभा नव्हती, हौस सगळी या आखूड तलवारीवर. योकोया सोमिन (1670–1733) याने सरकारी तनखा सोडून शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम केलं. छिन्नी तिरकी धरून रेघेची एक कड खोल, दुसरी उथळ कापायची. धातूवर कुंचला फिरल्यासारखा दिसतो.

1876 मध्ये सरकारने तलवार कमरेला लावून फिरायला बंदी घातली आणि या धंद्याचा कणाच मोडला. नक्षीकार कानो नात्सुओ (1828–1898) त्याआधीच नव्या येन नाण्यांच्या नक्षीकडे वळला होता. सगळ्यांना टांकसाळ कुठली मिळणार? कित्येक मेनुकींच्या जोड्या मुठींवरून उतरून परदेशी गेल्या. तिथे सोनाराने पाठीला डाख देऊन पिन बसवली, आणि मेखेपासून कधीच सुटलेलं ते डोकं मडमेच्या गळ्याशी पुन्हा टोचून बसलं.