नवरदेवाचा कोट

लग्नाच्या तीन घोषणांपैकी पहिली घोषणा झाली होती. मिस्सा संपल्यावर बोरी अरबच्या बाजूचे एक वडील आणि त्यांचा मुलगा साक्रिस्तीच्या दाराशी घुटमळत उभे राहिले. कागदपत्रांत काही उणे राहिले असावे असे मला वाटले. तसे काही नव्हते. वडिलांनी दोनदा टोपी काढली, दोनदा घातली आणि मग विचारले, "फादर, पोराच्या सुटाचं कसं करावं जी?"

प्रश्नामागची हकिकत अशी होती. मुलगी नागपूरकडची. सुटाचे कापड घेऊन दारव्ह्याच्या शिंप्याकडे शिवून घ्यावे, यवतमाळला जाऊन तयार सूट विकत आणावा, की भाड्याने आणावा, असे तीन मार्ग घरात चर्चेला आले होते. भाड्याचा सूट सर्वांत स्वस्त. पण मुलीच्या एका नातेवाइकाने भर बैठकीत म्हटले होते, की भाड्याच्या कोटातला जावई आमच्या मंडळीत शोभणार नाही. वडिलांनी शिलाईसह हिशेब केला, तो कपाशीत केला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे बऱ्यापैकी सूट झाला दोन क्विंटलचा. त्यात बूट, टाय आणि सदरा आलेला नाही. घरातला कापूस तर केव्हाच विकून झाला होता. उरला होता तो सावकार. आमच्या जिल्ह्यात ह्या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी बोलू असे म्हणालो. तो आठवडा मी ह्या कोटाचा इतिहास धुंडाळण्यात घालवला, आणि हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

सुरुवात ख्रिस्तसभेच्या नियमापासून केली पाहिजे, कारण सूट हा 'आपल्या धर्माचा' पोशाख आहे अशी समजूत अनेक घरांत पक्की बसलेली आहे. त्रेंत परिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयी जो आदेश काढला, त्यात धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार ह्यांच्यासमक्ष वधूवरांनी संमती दिली पाहिजे असे ठरवले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही गाभा तोच आहे. कोणी कोणते वस्त्र नेसावे ह्याविषयी दोन्हीकडे अवाक्षर नाही. वराने धोतर नेसले म्हणून विवाह अवैध ठरत नाही आणि थ्री-पीस चढवल्याने तो अधिक दृढ होत नाही.

मग हा कोट आला कोठून? त्याची एक वाट गोव्याहून येते आणि ती फारशी अभिमानाची नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक विस्तृत फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा परिचय करून दिला आहे. लग्नघरी गायची गाणी, विड्याची पाने व फुले ह्यांचे देणेघेणे, वधूवरांना हळद-तेल लावणे हे सारे त्याने निषिद्ध केले. आणि ख्रिस्ती पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी घालू नये असेही बजावले. बाप्तिस्म्याबरोबर वस्त्रही बदलले पाहिजे ही त्यामागची समजूत. एरवी शेतात लंगोटी लावणाऱ्या माणसाला लग्नाच्या दिवशी तरी युरोपीय वस्त्र अंगावर घालावेसे किंवा घालावे लागावे, ह्याची मुळे अशा हुकमांत आहेत.

वसईची गोष्ट थोडी वेगळी. १५३४ साली तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. म्हणजे गोव्याचे ते फर्मान निघाल्यावर अवघ्या तीन वर्षांत उत्तरेकडील ह्या ख्रिस्ती मंडळींवरची पोर्तुगीज सत्ता संपली. त्यांचा विश्वास मात्र टिकला. वसई-साष्टीच्या आपल्या भगिनी विसाव्या शतकातही लुगडे नेसून मिस्सेला येत. फर्मानाचा धाक गेला, तेव्हा वस्त्र आपल्या मूळ ठिकाणी राहिले आणि विश्वासाला त्याने काही बाधा आली नाही. एवढा ढळढळीत पुरावा डोळ्यांपुढे असताना सुटाला धर्माचे चिन्ह समजण्याचे कारण मला दिसत नाही.

ख्रिस्तसभेतही सर्वांचे मत गोव्याच्या न्यायासनासारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १६०६ साली मदुराईस आलेल्या येशूसंघीय रॉबेर्तो दे नोबिली ह्यांनी संन्याशाची भगवी वस्त्रे धारण केली. त्यांच्यावर तक्रारी झाल्या. पण पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी १६२३ साली जानवे, शेंडी, गंध ह्यांसारख्या गोष्टींना काही अटींवर मोकळीक दिली. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आशियात जाणाऱ्या मिशनऱ्यांना सांगितले, की विश्वास घेऊन जा, आपला देश तेथे नेऊ नका. लोकांच्या चालीरीती श्रद्धेच्या व नीतीच्या उघड विरुद्ध नसतील, तर त्या बदलू पाहू नका. १७३६ च्या फर्मानापूर्वी ७७ वर्षे हे लिहिले गेले होते! कागद रोममध्ये राहिला आणि कात्री गोव्यात चालली, असेच म्हणावयाचे.

कात्रीवरून शिंप्याकडे वळतो, कारण ह्या इतिहासातला खरा मानकरी तो आहे. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात वधूच्या 'साडो' नावाच्या तांबड्या वस्त्राचे कापड बेतण्याचा एक स्वतंत्र विधीच असे. शिंपी घरी येई, सोयरेधायरे जमत, कापडावर पहिली कात्री लागताच फटाके वाजत आणि शिंप्याला दक्षिणा मिळे. वस्त्र ज्याच्या अंगावर चढायचे, त्याच्याच अंगणात ते बेतले जाई. गोव्याचे हेच शिंपी पुढे पोटासाठी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास स्थिरावले. पूर्व आफ्रिकेत झांजिबार-नैरोबीपर्यंत गेले. साहेबाचा कोट कसा बेतावा, खांद्यात कापूस किती भरावा, कॉलर वळवण्यासाठी कॅनव्हास कसा टाचावा ही विद्या त्यांच्या हातांत होती. १८५१ साली सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि नंतरच्या काही दशकांत ते यंत्र आपल्याकडे आले, तेव्हा कोट थोडा स्वस्त झाला. तरी तो सणाचाच राहिला. कारण कोट म्हणजे सदरा नव्हे. तीन-सव्वातीन मीटर कापड, अस्तर, बकरम, कच्चा टाका, एक ट्रायल, दुसरी ट्रायल. मग काज-बटण आणि इस्त्री. शिलाई महाग का, असे विचारणाऱ्याने एकदा शिंप्याच्या शेजारी बसून एक बाही चढताना पाहावी.

आणि म्हणूनच तो कोट जन्मभर पुरवला जाई. माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे काळा लोकरी कोट होता. लग्नासाठी तो शिवला होता. पुढे नाताळ, पास्का, मुलांचे पहिले ख्रिस्तशरीर, मुलींची लग्ने ह्या सर्व प्रसंगी तो पेटीतून निघे. कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ह्यांचा मिसळलेला वास त्याला येई; आम्ही पोरे त्या वासावरूनच आज सण आहे हे ओळखत असू. मधल्या काळात तो दोनदा सैल केला आणि एकदा आवळला. गावातील आणखी तीन नवरदेव त्याच कोटात वेदीपुढे उभे राहिले, हे मला नंतर कळले. कोणी कोणाला हसले नाही. शेवटी त्या वृद्धांना त्याच कोटात मातीआड केले. एका शिलाईची एवढी फेड झाली!

आज शिवलेला सूट असा जगत नाही, हे मान्य केले पाहिजे. मी ज्यांची लग्ने लावली, त्यांपैकी बहुतेकांचे सूट वर्षभरात आखूड तरी झाले किंवा घट्ट तरी. नोकरीत सुटाचे काम नाही, शेतात तर नाहीच. त्यात आमचे हवामान. पूर्वीपासून आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात थाटामाटाचे विवाह वर्ज्य. त्यामुळे आपली पुष्कळ लग्ने पास्कानंतर, एप्रिल-मे महिन्यांत येतात. यवतमाळ जिल्ह्याचा मे महिना ज्याने भोगला आहे त्याला पुढचे सांगायला नको. बाहेर पारा ४४ वर आणि आत नवरदेव लोकरीत गुंडाळलेला. एका वराला 'होय' म्हणण्याआधी मी स्वतः पाणी पाजले आहे. ज्या पांढऱ्या कापसासाठी इंग्रजांनी वऱ्हाडवर नजर ठेवली आणि ज्याच्या गाठी नेण्यासाठी १९०३ साली यवतमाळ-मूर्तिजापूर अशी अरुंद रेल्वे दारव्ह्यावरून धावू लागली (आपली 'शकुंतला'; आता ती बंद आहे), त्या मुलखातला माणूस लग्नात मेंढीची लोकर पांघरतो! सुटाच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ साली ठाण्यात निघाली आणि मुंबईतले त्यांचे पहिले दुकान १९५८ साली. १९९६ साली त्यांनी यवतमाळला कारखाना काढला, तो मात्र सुटाच्या कापडाचा नव्हे, जीनच्या कापडाचा. आमचा नवरदेव एरवी जीनच घालतो, तेव्हा कंपनीला आमची ओळख बरोबर पटली म्हणायची.

इतके लिहून मी थांबणार होतो. सूट सोडा, साधे स्वच्छ सुती वस्त्र घाला, असा सल्ला देणार होतो. पण मग दुसरी बाजू आठवली. वस्त्र हा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना, ज्यांत ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ होत्या, छाती झाकण्याचा हक्क मिळवण्यासाठी मार खावा लागला. १८५९ साली राजाज्ञा निघाली तेव्हा त्यांना ती मोकळीक मिळाली. आणि आमच्या विदर्भात तर गावोगावच्या चौकात बाबासाहेब आंबेडकर निळ्या सुटात उभे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना ते शुभ्र वस्त्रांत होते; तरी लोकांनी पुतळ्यासाठी सूट निवडला, ह्यात अर्थ आहे. ज्यांच्या पूर्वजांनी काय नेसावे आणि काय नेसू नये हे इतरांनी ठरवले, त्यांच्या नातवाने कोटाची बटणे लावून ताठ उभे राहणे ही साहेबाची नक्कल नव्हे. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी घरांचा इतिहास ह्याच वाटेने आलेला आहे. बोरी अरबच्या त्या वडिलांना मुलगा सुटात पाहायचा होता. त्यांना तो हक्क नाकारणारा मी कोण?

तेव्हा सूट हवा, एवढे ठरले. सावकार नको, हेही ठरले. मग भाड्याचा सूट राहतो. त्याची लाज कोठून आली, हे पाहिले तर मौज वाटते. ज्यांच्याकडून आपण सूट घेतला, त्यांनीच तो भाड्याने देण्याची रीत पाडली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील मॉस ब्रदर्स ह्या दुकानात १८९७ साली पैसे गमावून बसलेला एक शेअर दलाल मेजवान्यांत करमणूक करून पोट भरू लागला होता. त्यासाठी लागणारा समारंभाचा सूट तो मालकाकडून वारंवार उसना नेई. अखेर मालकाने साडेसात शिलिंग आकार लावला आणि तेथून तो धंदाच उभा राहिला. पुढे मोठमोठे सरदार-उमराव तेथून कोट नेत. साहेबाला जे चालले, ते साहेबाच्या वेषातल्या जावयाला चालू नये, हे नवलच.

दुसरे उत्तर मला माझ्याच साक्रिस्तीतल्या कपाटात मिळाले. त्या कपाटात मिस्सेची जी वस्त्रे टांगलेली आहेत, त्यांतले एकही माझे नाही. सणाचा तो जरीकाठी पांढरा झगा माझ्या आधीच्या धर्मगुरूंनी वापरला, त्यांच्या आधीच्यांनीही. तो मला खांद्यांत किंचित रुंद होतो. माझी बदली होईल त्या दिवशी तो तेथेच राहील. ह्या उसन्या वस्त्रात मी रोज वेदीपुढे उभा राहतो आणि आजवर कोणी मला विचारले नाही, की फादर, हा तुमचा स्वतःचा आहे काय? ज्याने उसन्या शिंगरावर बसून यरुशलेमेत प्रवेश केला आणि ज्याला अरिमथाईकर योसेफाच्या कबरीत ठेवले, त्याच्या मंदिरात हा प्रश्न निघूही नये.

मत्तयच्या शुभवर्तमानातील लग्नाच्या वस्त्राचा दाखला मला कोणी देईल, म्हणून आधीच सांगतो. त्या वस्त्रावाचून आत आलेल्या पाहुण्याला बाहेर घालवले गेले, हे खरे. परंतु ते वस्त्र म्हणजे प्रीती, असा अर्थ संत अगस्तीन ह्यांनी आपल्या प्रवचनात लावला आहे. ते दारव्ह्याला शिवून मिळत नाही आणि यवतमाळला भाड्यानेही नाही.

पुढच्या रविवारी हे सारे मी त्या पितापुत्रांना थोडक्यात सांगितले. वडील गप्प राहिले. झग्याची गोष्ट ऐकून मुलगा हसला आणि म्हणाला, "बाबा, फादरलाच भाड्याचा चालते, तर मले काऊन नाई?" मुलीच्या नातेवाइकाशी बोलण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. ते वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले. तासाभराच्या संभाषणात ते गृहस्थ दोनदा रागावले आणि शेवटी, तुमची मर्जी, एवढेच म्हणाले.

लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. कोट गडद निळा होता, बाह्या बोटभर आखूड होत्या. सोमवारी दुपारी तो यवतमाळला परत गेला. कॉलरच्या आतल्या बाजूला हळदीचा डाग निघाला, म्हणून दुकानदाराने अनामत रकमेतून शंभर रुपये कापून घेतले.