आजीचं ताक आणि चव मोजण्याची शंभर वर्षं

आजचा एपिसोड आमच्या घरातल्या एका कुरबुरीपासून सुरू होतो.

माझी आजी ८१ वर्षांची. गेलं वर्षभर जेवायला बसली की तिचं एकच वाक्य, "मीठ घातलंयस की नाही गं?" आईने घातलेलं असतं. आम्हाला सगळ्यांना व्यवस्थित लागतं. मग हळूहळू घरात ठरूनच गेलं की आजीची चव गेली. स्वयंपाकात तिला काही विचारणं बंद झालं. कैरीच्या लोणच्याचा मसाला कालवला की बोटावर घेऊन चाखायचा मान दरवर्षी तिचा. यंदा आईने स्वतःच चाखला आणि बरणी भरली. आजी काही बोलली नाही. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

ते बघून मला वाटलं, एखाद्याला चव कळते की नाही हे आपण ठरवतो तरी कशावरून? ताप मोजायला थर्मामीटर आहे. चवीला काय आहे? शोधायला गेले तर शंभर वर्षांची गोष्ट हाती लागली. तीच आज सांगते.

आठ कप चहा

इंग्लंडमधलं रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्र. साल साधारण १९२० च्या आसपासचं. रोनाल्ड फिशर हा तरुण संख्याशास्त्रज्ञ तिथे नुकताच रुजू झालेला. दुपारच्या चहाला त्याने म्युरिएल ब्रिस्टल या सहकारी बाईंपुढे कप धरला. बाई शेवाळांच्या अभ्यासक. त्या नको म्हणाल्या. का? तर फिशरने आधी चहा ओतून वर दूध घातलं होतं आणि त्यांना आधी दूध, मग चहा असाच लागायचा. फिशर म्हणाला, चवीत काय फरक पडतो! बाई म्हणाल्या, मला कळतो. शेजारी विल्यम रोच हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुचवलं, करूनच बघू या. (पुढे या दोघांचं लग्न झालं, बरं का.)

१९३५ साली 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात फिशरने बाईंचं नाव न घेता हा प्रयोग नीट मांडला. आठ कप घ्यायचे. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंनी फक्त 'आधी दूध'वाले चार कप ओळखायचे.

आता गणित बघा. आठांतून चार कप निवडायचे ७० प्रकार आहेत. म्हणजे काहीही न कळता, नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर यायची शक्यता ७० त १, जेमतेम दीड टक्का. पण एक जरी 'आधी दूध'वाला कप चुकला तर? निदान तीन बरोबर यायची शक्यता एकदम ७० त १७ होते, म्हणजे २४ टक्के. तेवढं तर नशिबानेही जमतं.

फिशरने जिभेच्या आत काही मोजलं नाही. त्याने फक्त विचारलं, हे नुसत्या नशिबाने घडायची शक्यता किती? बाईंचा दावा हसण्यावारी नेता येत नव्हता आणि नुसता विश्वास ठेवूनही चालणार नव्हतं. दोन्हींच्या मधली वाट गणिताने काढली.

तीन ग्लास बिअर

१९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कंपनीत बिअर चाखणारी माणसं निवडायला अशीच युक्ती वापरली गेली. तीन ग्लास द्यायचे. दोनांत तीच बिअर, एकात वेगळी. वेगळी ओळखा! याला म्हणतात त्रिकोणी चाचणी. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. म्हणजे ३० जणांना बसवलं तर १० जण नशिबानेच बरोबर सांगणार. १५ किंवा जास्त जणांनी बरोबर सांगितलं, तरच फरक खरोखर जाणवतोय असं धरायचं. चाचणी सोपी आणि स्वस्त. आजही खाद्यपदार्थांचे कारखाने साखर किंवा तेल बदललं की हीच चाचणी लावतात.

सैनिकांचं ताट

फरक कळणं वेगळं आणि आवडणं वेगळं. अमेरिकन सैन्याला हे दुसऱ्या महायुद्धात कळलं. डब्यातलं अन्न कागदावर अगदी पौष्टिक, पण सैनिक ते खायचेच नाहीत. न खाल्लेल्या अन्नातून ताकद कुठून येणार? मग सैन्याच्या शिकागोमधल्या अन्नसंशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि सहकाऱ्यांनी एक पट्टी तयार केली. नऊ पायऱ्या. वर 'अतिशय आवडलं', खाली 'अतिशय नावडलं', मधोमध 'आवडलंही नाही, नावडलंही नाही'. कोणते शब्द सैनिकांना नेमके कळतात, हेसुद्धा त्यांनी सैनिकांनाच विचारून तपासलं. १९५५ साली यावर जो शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुईस थर्स्टन यांचंही नाव होतं.

हे नाव लक्षात ठेवा. थर्स्टननी १९२७ सालीच एक साधी पण मोठी गोष्ट मांडली होती. तोच पदार्थ तुम्ही दहा वेळा चाखलात, तर दहाही वेळा तो तंतोतंत तसाच लागत नाही. कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी. चव हा पट्टीवरचा एक ठिपका नसतो, तो पसरलेला ढग असतो. दोन पदार्थांचे ढग एकमेकांत मिसळले की लोकांची मतं ५०-५० च्या जवळ जातात. ढग लांब असले की शंभरातले ९० जण एकाच बाजूला जातात. म्हणजे 'यातलं जास्त गोड कोणतं?' एवढंच विचारून, मतांच्या टक्केवारीवरून दोन चवींमधलं अंतर काढता येतं.

अशाच जोडीजोडीच्या तुलनेसाठी १९५२ साली राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी आपलं गणित मांडलं. तुमच्या फोनवरचं एआय कधीकधी दोन उत्तरं देऊन विचारतं ना, यातलं चांगलं कोणतं? एआयला शिकवण्यासाठी अशा निवडींवरून गुण काढताना ब्रॅडली-टेरीचं हेच गणित वापरतात.

ओळखता येतं, पण ओळखता येत नाही

आता खरी गंमत. १९५३ साली बायर आणि अब्राम्स या संशोधकांनी लोकांना कडू द्रावणाचे तीन-तीन नमुने दिले. 'वेगळा कोणता?' असं विचारलं तर बरेच जण चुकले. पण त्याच लोकांना कडूपणाबद्दल सरळ विचारलं, तर उत्तरं बरीच चांगली आली. १९७० मध्ये नॉर्मन ग्रिजमन या संख्याशास्त्रज्ञाने या कोड्याला नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ असा: ओळखू न शकणारे, तरी ओळखणारे!

हे कसं शक्य आहे? उत्तर थर्स्टनच्या ढगात आहे. समजा तीन वाट्या आहेत. दोन सारख्या, तिसरी थोडी जास्त खारट. पण जिभेचा ढग हलता. त्यामुळे सारख्या वाट्यांपैकी एक २ इतकी खारट लागली, दुसरी ५ इतकी आणि खरोखर खारट असलेली ६. 'वेगळी कोणती?' तर माणूस म्हणणार, २ वाली. चूक! 'सगळ्यात खारट कोणती?' तर ६ वाली. बरोबर! जीभ तीच, वाट्या त्याच. प्रश्न बदलला आणि नापास झालेला माणूस पास झाला. १९७९ मध्ये यान फ्रायटर्स या संशोधकाने थर्स्टनच्याच गणिताने हे कोडं सोडवून दाखवलं.

प्रश्न चुकला की किती महागात पडतं, याचं उदाहरण कोका-कोला. कंपनीने सुमारे दोन लाख लोकांना चव चाखायला दिली. नवी चव जास्त जणांना आवडली. २३ एप्रिल १९८५ ला जुनं कोक बंद करून नवं आणलं. लोक भडकले, फोन आणि पत्रांचा पाऊस पडला. ७९ दिवसांत, ११ जुलैला, जुनं कोक परत आणायची घोषणा करावी लागली. चाचणीतली आकडेमोड चुकली नव्हती. 'यातलं कोणतं आवडतं?' याचं उत्तर खरंच मिळालं होतं. 'जुनं कायमचं काढून घेतलं तर चालेल का?' हा प्रश्न मात्र वेगळा होता.

परत आमच्या घरी

तर मी आणि भावाने ठरवलं, आजीची चाचणी घ्यायची. प्रत्येक फेरीला ताकाच्या तीन वाट्या, त्यातल्या एकीत थोडं जास्त मीठ. मी आत ताक तयार करायचं आणि भावाने बाहेर नेऊन द्यायचं. कोणत्या वाटीत जास्त मीठ आहे हे त्यालाही माहीत नाही, म्हणजे चेहऱ्यावरून आजीला काही कळायला नको. दोन फेऱ्यांमध्ये पाण्याने चूळ.

पहिल्या दिवशी सहा फेऱ्या. प्रश्न, "आजी, यातली वेगळी कोणती?" सहापैकी दोन बरोबर. म्हणजे निव्वळ नशिबाने येतील तेवढेच. आईने माझ्याकडे बघितलं. म्हणजे, बघ, मी म्हणत होते ना!

दुसऱ्या दिवशी तसंच ताक, तेवढंच मीठ, परत सहा फेऱ्या. प्रश्न, "सगळ्यात खारट कोणती?" सहापैकी पाच बरोबर. नुसत्या अंदाजाने पाच किंवा सहा बरोबर यायची शक्यता ७२९ त १३, दोन टक्क्यांहूनही कमी.

एका माणसावरचा घरगुती प्रयोग आहे, मान्य. आजीला मीठ आमच्यापेक्षा कमी जाणवत असेल, हेही मान्य. पण कमी-जास्त तिला कळतं. तिची चव गेलेली नाही. आम्ही वर्षभर तिला चुकीचा प्रश्न विचारत होतो. खरं तर विचारतच नव्हतो.

मी तिला हे सगळं गणित समजावून सांगितलं. फिशर, ७० त १, थर्स्टन, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा खटाटोप कशाला? मी सांगतच होते की."

लिंबाचं लोणचं पुढच्या महिन्यात घालायचंय. मसाला आजी चाखणार आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या घरी हा प्रयोग करून बघा. फक्त प्रश्न नीट विचारा!