पाण्याखालची बाग : प्रस्तावना

घरच्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी मापाने बनवून घ्यायची, तिच्यात माती अंथरून पाणवनस्पती लावायच्या आणि ती बाग रुजली की मासे सोडायचे, अशी इच्छा धरून वाचक या पुस्तकाकडे येतो. इच्छा छंदाची असली, तरी ती पुरी करायला निघालेल्या माणसाला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, जीवाणुशास्त्र, थोडे स्थापत्य आणि थोडी चित्रदृष्टी एवढ्यांची ओळख करून घ्यावी लागते. ही ओळख सुखाची व्हावी, यासाठी हे पुस्तक आहे. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगतो : अशा प्लांटेड टँकमध्ये आपण सांभाळायचे असते ते पाणी; वनस्पती आणि मासे कसे आहेत, यावरून ते पाणी कसे आहे हे कळते.

या विद्येचा उगमच कुतूहलाने केलेल्या साध्या निरीक्षणांत आहे. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, हे यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली दाखवले, तेही पाण्यात बुडवलेल्या पानांवर जमणारे बुडबुडे पाहून. १८५० साली लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. मासे वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड देत, वनस्पती माशांना प्राणवायू देई. तरीही काही काळाने कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले. मग वॉरिंग्टन यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. झाड आणि प्राणी या जोडीला कुजणारे निस्तरणारा तिसरा भागीदार लागतो, हा या क्षेत्राचा पहिला धडा तिथे मिळाला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि काचेतले पाणी घरोघरी पोहोचले.

आपल्याकडचा दुवाही लहान नाही. उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून परीक्षानळीत प्राणवायू गोळा करण्याचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत केला आहे. हीच हायड्रिला घेऊन जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजणारी उपकरणे वापरली आणि १९२४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा कार्बन वेगळ्या रीतीने वापरते, हे त्यांनी नोंदवले होते. त्यामागची जैवरासायनिक वाट उलगडायला पुढे कित्येक दशके जावी लागली. ज्या वनस्पतीला तळ्याकाठी कोणी वळूनही पाहत नाही, तिच्याकडे नीट पाहणाऱ्याला केवढे काही सापडू शकते, याचा हा दाखला आहे.

आता या बागेचे मूळ गणित पाहू. जमिनीवरच्या झाडाला लागते तेच पाण्यातल्या झाडाला लागते : उजेड, कार्बन आणि पोषणद्रव्ये. फरक आहे तो मिळकतीत. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि मोकळ्या हवेत ठेवलेल्या एका लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड एक मिलिग्रॅमही नसतो. म्हणून दाट लागवडीच्या टाकीत सिलिंडरमधून हा वायू सोडून त्याचे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. उजेड वाढवला की झाडाची कार्बनची मागणी वाढते, कार्बन दिला की नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि लोहाची मागणी वाढते. जर्मन कृषिशास्त्रज्ञ श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० च्या दशकात सर्वत्र नेलेला न्यूनतमाचा नियम शेतीइतकाच इथे लागू पडतो : जे सर्वांत कमी आहे तेच वाढीचा वेग ठरवते. कोवळी पाने पिवळी पडली तर लोहाचा विचार करावा, जुनी पिवळी पडली तर नायट्रोजनचा. नवशिक्याच्या टाकीत शेवाळ माजते, तेव्हा बहुधा उजेड हा कार्बन आणि पोषणद्रव्यांच्या पुढे धावत असतो. म्हणून सुरुवातीला दिवे दिवसाला सहा तासांच्या आसपासच लावावेत आणि वाढ पाहून वेळ वाढवावा.

उजेड, कार्बन आणि पोषणद्रव्ये या तिघांखाली एक न दिसणारी वस्ती काम करत असते. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजण्यातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी आणि झाडांना खाद्य. नायट्राइट पुढे नेणारे जीवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असे अनेक वर्षे मानले जाई. १९९८ साली गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांवर झालेल्या अभ्यासातून दिसले की हे काम तिथे नायट्रोस्पायरा या गटातले जीवाणू करतात. सूक्ष्मजीवशास्त्राची एक समजूत सुधारली गेली ती मत्स्यालयातल्या पाण्यामुळे, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत फक्त झाडे असावीत. नव्या पोषक मातीतूनही सुरुवातीला अमोनिया सुटतो, त्यामुळे या काळात पाणी वरचेवर बदलावे लागते.

मोठ्या टाकीचे म्हणून काही वेगळे शास्त्र आहे. वर सांगितलेल्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे ६८० किलो. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन आणखी सव्वाशे किलोच्या घरात. त्यावर माती, दगड, लाकूड आणि स्टँड. एकूण भार सहज एक टनाजवळ जातो, आणि तो पडतो जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. भारतीय मानकात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. स्लॅबचा भार आजूबाजूला वाटला जात असल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. पण इमारतीचा नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नये. तुळईच्या वर आणि भिंतीलगत, ही जागा सामान्यतः सर्वांत भरवशाची ठरते.

काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या लांबीवर ठरत नाही. दोन फूट पाण्याचा दर्शनी काचेवरचा एकूण जोर सुमारे ३४० किलो भरतो. लांबी वाढली की दाब तेवढाच राहतो, पण काच मध्यभागी बाहेर झुकू लागते. म्हणून लांब टाकीला जाड काच किंवा वरून पट्ट्या लागतात. सिलिकॉनचा जोड नीट सुकू द्यावा, टाकीखाली थर्माकोलची सपाट शीट घालावी, स्टँड लेव्हलमध्ये असल्याची खात्री करावी आणि पाइपसाठी भोके हवी असतील तर ती काच टफन करण्यापूर्वीच पाडून घ्यावीत. मापे ठरवताना माझा आग्रह असा की उंची वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवावी. उंच टाकीत तळाशी उजेड कमी पोहोचतो आणि छाटणीला हात पुरत नाही. रुंद टाकीत मात्र पुढची हिरवळ, मधली झुडपे आणि मागची उंच झाडे यांना खरोखरीची खोली मिळते.

मांडणीच्या परंपरा अनेक आहेत, त्यांतल्या तीन परंपरांची ओळख आधी करून घ्यावी. नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घडलेली डच पद्धत ही दगड-लाकडाशिवाय केवळ पानांच्या रंग-पोतांतून बाग रचते. ओळीने लावलेली, काटेकोर छाटलेली झुडपे हे तिचे वैशिष्ट्य. जपानच्या निइगाता भागातले छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी डोंगर, जंगल आणि ओढा यांचा भाव टाकीत आणला. २००१ पासून त्यांच्या संस्थेने चालवलेली जागतिक मांडणी स्पर्धा आणि लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली त्यांनी उभारलेली ४० मीटर लांबीची बाग यांनी ही कला जगभर नेली. तिसरी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांची. १९९९ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी साधी बागेची माती, भरपूर झाडे, मोजका उजेड आणि कमी यंत्रे यांवर चालणारी टाकी शास्त्रीय आधारासह मांडली. पहिलीत शिस्त शिकावी, दुसरीत रचना, तिसरीत संयम. आपल्या टाकीसाठी वाट निवडताना वेळ, खर्च आणि घरचे पाणी यांचा विचार आधी व्हावा.

घरच्या पाण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे मऊ पाणी मिळते. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. जड पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेण्याची क्षमता व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांच्याकडे आहे, मॉसकडे नाही. म्हणून झाडांची यादी पाण्याला विचारून करावी. नळाच्या पाण्यातले क्लोरिन काढल्याशिवाय ते टाकीत जाऊ नये, कारण जंतू मारणारे क्लोरिन फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारते. उन्हाळ्याचाही हिशेब ठेवावा. २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. उकाड्यात भारनियमन झाले आणि फिल्टर बंद पडला, तर मासे आणि जीवाणू दोघेही गुदमरतात. फिल्टर इन्व्हर्टरवर असावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याची झुळूक पडावी. या टाकीचे निम्मे पाणी बदलायचे तर सुमारे ३४० लिटर लागतात; शहरी पाणीपुरवठ्याच्या दरडोई १३५ लिटरच्या प्रमाणाने ते अडीच माणसांचे दिवसाचे पाणी झाले. म्हणून काढलेले पाणी कुंड्यांना किंवा सोसायटीच्या बागेला द्यावे. त्यातले नायट्रेट तिथे खत म्हणून उपयोगी पडते.

सह्याद्रीच्या परिसरातल्या वाचकाला आणखी एक भाग्य लाभले आहे. टाक्यांतली कितीतरी झाडे मुळात उभयचर आहेत : पावसाळ्यात बुडणारी, पाणी ओसरले की हवेत वाढणारी. रोपवाटिकेत ती हवेत वाढवतात, म्हणून टाकीत लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुनी पाने गळतात आणि पाण्यासाठी घडलेली नवी पाने येतात. घाबरून रोप उपटू नये. हाच बदल कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि कासच्या पठारावर दर पावसाळ्यात उघड्यावर पाहायला मिळतो. कासच्या डबक्यांत फुलणारा, दोन शाखांच्या तुऱ्याचा वायतुरा ही साताऱ्याच्या परिसरातली प्रदेशनिष्ठ पाणवनस्पती आहे. ती तिथेच पाहावी, वाकून न्याहाळावी, चित्र काढावे. उपटून आणू नये. टाकीसाठी टिश्यू कल्चरची किंवा रोपवाटिकेत वाढवलेलीच झाडे घ्यावीत. हीच मर्यादा माशांनाही लागू आहे. केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांतला, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब शोभेच्या व्यापारासाठी एवढा पकडला गेला की तो संकटग्रस्त ठरला. आणि नकोसे झालेले काहीही ओढ्या-तलावात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, ते आपण रोज पाहतो.

हे पुस्तक क्रमाने वाचावे, कारण टाकीही क्रमानेच उभी राहते : आधी जागा आणि भार, मग काच, मग पाणी, माती, झाडे आणि सर्वांत शेवटी मासे. सोबत एक वही ठेवावी. तापमान, सामू, नायट्रेट, दिव्यांचे तास, छाटणी आणि नवी पाने यांची नोंद आठवड्याला दहा मिनिटांत होते. इंगेनहाउस, वॉरिंग्टन, बोस यांच्याकडे आजच्यासारखे दिवे आणि फिल्टर नव्हते. त्यांच्याकडे निगुतीने पाहण्याची आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय होती. आपल्या हवामानात, आपल्या पाण्यात, आपल्या पाणवनस्पती कशा वाढतात, यावर मराठीत नोंदी व्हाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त माणसे, कोणीही हे काम करू शकते. चिकाटीने ठेवलेली वही पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

तेव्हा पहिले काम खरेदीचे ठेवू नका. घरच्या नळाचे पाणी एका स्वच्छ बाटलीत घ्या, त्याचा सामू आणि जडपणा मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. तुमच्या टाकीबद्दलचे पुढचे सगळे निर्णय त्या दोन आकड्यांपासून सुरू होतील.