सर डग्लस निकल्स : क्रीडांगणापासून राजभवनापर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात, विशेषतः मेलबर्न शहरात, हिवाळा सुरू झाला म्हणजे थोरामोठ्यांच्या तोंडी एकाच खेळाची चर्चा असते. तेथील लोक त्याला फुटबॉल म्हणतात. परंतु आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे साम्य थोडेच आहे. क्रिकेटच्या गड्यांनी हिवाळ्यातही शरीर कसलेले ठेवावे, या हेतूने टॉम विल्स याने १८५८ मध्ये ही कल्पना पुढे मांडली, आणि १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न क्लबने खेळाचे नियम लिहून काढले. क्रीडांगण लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, आणि दोन्ही बाजूंना अठरा-अठरा गडी. चेंडू हाती घेऊन पळण्यास मुभा असते, मात्र पळता पळता तो जमिनीवर आपटून पुन्हा धरावा लागतो. तो फेकता येत नाही. लाथेने उडवावा लागतो किंवा मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा लागतो. मधल्या दोन खांबांतून लाथेने पार गेला तर सहा गुण, शेजारच्या खांबांतून गेला तर एक. उंच उसळून चेंडू झेलणे हे या खेळाचे मोठे भूषण मानले जाते, आणि म्हणून उंच, धिप्पाड माणसांची येथे चलती असते.

अशा या खेळात अवघ्या पाच फूट दोन इंच उंचीच्या एका माणसाने नाव मिळविले, ही गोष्ट स्वतःच नवलाची होय. परंतु डग्लस निकल्स यांच्या मार्गातील खरी अडचण उंचीची नव्हती. ते ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, योर्टा योर्टा जमातीचे होते, आणि त्या काळी त्या देशात हा जन्म म्हणजेच एक अपराध समजला जात असे.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी मरे नदीच्या काठी, न्यू साउथ वेल्समधील कमेरागंजा या राखीव वसाहतीत झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी घेतल्यावर उरलेल्या लोकांना अशा वसाहतींतून सरकारी मंडळाच्या देखरेखीखाली ठेवले जाई. डग्लस आठ वर्षांचा असताना पोलीस आले आणि त्याच्या थोरल्या बहिणीला बळजबरीने घेऊन गेले. मोलकरणीचे काम शिकविण्यासाठी मुलींना कूटामुंड्रा येथील सरकारी गृहात ठेवावयाचे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. मुलाचे शिक्षण तिसऱ्या इयत्तेपाशी थांबले. मेंढ्यांच्या कुरणांवर तो कामास लागला. लोकर कातरताना मेंढीला जखम झाली की तीवर डांबर लावावयाचे, ही त्याच्या पहिल्या कामांपैकी एक.

फुटबॉल तो वसाहतीतच शिकला आणि टोंगाला या गावच्या संघातून खेळू लागला. १९२७ मध्ये नशीब काढण्यासाठी निकल्स मेलबर्नला गेले. कार्लटन हा तेथील मोठा क्लब. त्याच्या सरावात त्यांनी भाग घेतला. परंतु मोसम सुरू होण्यापूर्वीच त्यांना वाट दाखविण्यात आली. कारण खेळातील उणीव नव्हे, कातडीचा रंग. मालिश करणाऱ्याने त्यांच्या अंगाला हात लावण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. ज्या समाजात आपल्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची अस्पृश्यता उभी आहे, त्यातील वाचकास या प्रसंगाचा अर्थ निराळा समजावून देण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा ते व्हिक्टोरियन असोसिएशनच्या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेतील नॉर्थकोट या क्लबाकडे वळले. त्यांची जागा बगलेची, म्हणजे क्रीडांगणाच्या मध्यभागी पण सीमेलगत. या जागी उंचीपेक्षा वेग आणि दम यांची गरज अधिक असते, आणि निकल्स यांच्या पायांत तो वेग होता. १९२९ मध्ये नॉर्थकोटने अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी नाया व वॉरॅक्नाबील येथील पैजेच्या धावण्याच्या शर्यती त्यांनी जिंकल्या. १९३१ मध्ये ते जिमी शार्मन याच्या फिरत्या मुष्टियुद्धाच्या तंबूतही उतरले. जत्रेतील कोणाही प्रेक्षकाने आव्हान द्यावे आणि तंबूतील मल्लाने त्याच्याशी झुंजावे, असा तो व्यवसाय होता.

एवढे उद्योग एकाच माणसाने का करावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या काळच्या धंदेवाईक खेळाच्या अर्थशास्त्रात सापडते. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने १९३० मध्ये नियम केला की कोणाही गड्यास एका सामन्याचे तीन पौंडांहून अधिक मोल देऊ नये. त्यातून ते मंदीचे दिवस. खेळाडू कितीही नामांकित असला तरी केवळ चेंडूवर संसार चालणे कठीण होते. त्यामुळे क्लब आपल्या गड्यांना पैशाबरोबर नोकरीचेही आमिष दाखवीत. गोऱ्या गड्याचा खेळ संपला तरी त्यास समाजात जागा असे. निकल्स यांच्यासारख्याचा खेळ संपला म्हणजे मात्र वसाहतीची वाट तेवढी मोकळी होती.

१९३२ मध्ये फिट्‌झरॉय या क्लबाने त्यांना बोलावले आणि ते अखेर लीगच्या पहिल्या प्रतीच्या स्पर्धेत उतरले. या क्लबातून १९०४ साली जो जॉन्सन हा मूळ रहिवासी खेळाडू खेळून गेला होता. तथापि निकल्स यांच्या काळीही असा गडी विरळाच होता. पोशाख बदलण्याच्या खोलीत ते पहिल्या दिवशी एका कोपऱ्यात एकटे बसले. तेव्हा हेडन बंटन उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक तीन वेळा मिळविणारा हा बंटन फिट्‌झरॉयचा मुकुटमणी होता. त्याने बाक निवडल्यावर इतरांना तोंड फिरविणे अवघड झाले. सहा मोसमांत निकल्स फिट्‌झरॉयकडून ५४ सामने खेळले. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात त्यांची निवड झाली. असा मान मिळविणारे ते पहिले मूळ रहिवासी. पुढे गुडघा दुखावला आणि १९३७ नंतर ते नॉर्थकोटला परतले.

पुष्कळ खेळाडूंची चरित्रे येथे संपतात. निकल्स यांच्या चरित्राचे महत्त्व येथून सुरू होते. ते धर्मनिष्ठ झाले होते, आणि त्यांचे आप्त विल्यम कूपर यांच्या सहवासात आपल्या लोकांच्या हक्कांचा विचार करू लागले होते. गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली म्हणून २६ जानेवारी १९३८ रोजी देश उत्सव करीत असता, मूळ रहिवाशांनी सिडनीत शोकदिन पाळला. त्या सभेत निकल्स होते. पुढच्याच वर्षी कमेरागंजातील जाचाला कंटाळून तेथील अनेक कुटुंबे नदी ओलांडून व्हिक्टोरियात निघून गेली.

महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले. परंतु फिट्‌झरॉय भागातील त्यांच्या लोकांत दारिद्र्य व व्यसने यांनी कहर मांडला होता. त्यांच्यात काम करण्यासाठी निकल्स यांना सोडावे, अशी विनंती १९४२ मध्ये तेथील पोलिसांनीच केली. एकेकाळी पोलिसांनीच त्यांची बहीण नेली होती; आता पोलिसांनीच त्यांच्याकडे मदत मागावी, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. त्यांनी गोअर स्ट्रीटवर प्रार्थनामंदिर चालविले. पत्नी ग्लॅडिस यांची या कार्यात त्यांना अखंड साथ होती. फुटबॉलमुळे त्यांचे नाव घरोघर ठाऊक होते. ज्या दारांवर दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीयाने थाप मारली तर ती उघडली नसती, ती निकल्स यांच्यासाठी उघडत. टाळ्यांतून मिळालेली ही पुंजी त्यांनी स्वतःवर खर्च केली नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या मूळ रहिवाशांच्या उन्नती संघाचे ते कार्यकर्ते झाले आणि गावोगाव हिंडले.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत असे कलम होते की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना हिशेबात धरू नये. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ते रद्द झाले. शंभरात नव्वदांहून अधिक मतदारांनी त्यास अनुकूल कौल दिला. म्हणजे निकल्स साठ वर्षांचे होईतो घटनेच्या गणतीत नव्हते! १९७२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १ डिसेंबर १९७६ रोजी ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. या दोन्ही मानांचे ते पहिलेच मूळ रहिवासी धनी. प्रकृती ढासळल्यामुळे पाच महिन्यांतच, ३० एप्रिल १९७७ रोजी, त्यांना ते पद सोडावे लागले. ४ जून १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी इतमामाने निरोप मिळाला, आणि देह कमेरागंजाच्या मातीस देण्यात आला.

२०१६ पासून लीगच्या सामन्यांची एक फेरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, दोनदा ब्राउनलो पदक मिळविणाऱ्या ॲडम गुड्स या मूळ रहिवासी खेळाडूची प्रेक्षकांनी मैदानामागून मैदानात हुर्यो उडविली आणि तो खेळातून निवृत्त झाला. लीगने त्याची क्षमा मागितली ती २०१९ मध्ये. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गर्दी खेळाडूच्या पायांवर लुब्ध होते, म्हणून ती त्याला माणूस म्हणून मान देतेच असे नाही. टाळी आणि मान्यता या दोन निराळ्या वस्तू आहेत. निकल्स यांना पहिली चटकन मिळाली. दुसरीसाठी त्यांना उभा जन्म झिजावे लागले, आणि ती त्यांनी एकट्यासाठी कधीच मागितली नाही.